‘मानभावी’ : एका शब्दाचा विचार

तुमसर हे मराठी प्रांताच्या अगदी काठावरचे गाव. बावनथडी ओलांडली की बालाघाट जिल्हा लागतो आणि बाजाराची भाषा हळूहळू हिंदीकडे झुकू लागते. तुमसरच्या धान्यबाजारात मराठी, हिंदी, पोवारी आणि झाडीची बोली या सर्व एकाच वेळी कानी पडतात. अशा गावी एका शब्दाची दोन रूपे एकाच दिवशी ऐकू येणे अशक्य नाही. हिंदी वक्ता सभेत उभा राहतो आणि समोरच्या प्रतिष्ठित मंडळींना आदराने ‘महानुभाव’ म्हणून संबोधतो. कोणाला त्यात वावगे वाटत नाही. उलट ऐकणारा सुखावतो. त्याच सभेतून घरी परतणारा मराठी गृहस्थ वाटेत एखाद्या गोडबोल्या, वरून साळसूद आणि आतून कावेबाज माणसाविषयी बोलताना म्हणतो, “त्याच्या नादी लागू नका, तो मोठा मानभावी आहे.” शब्द एकच. एकीकडे तो मस्तकावर आहे, दुसरीकडे पायदळी.

मराठी शब्दकोश उघडला तर ‘मानभावी’ या शब्दापुढे ढोंगी, दांभिक, वरकरणी नम्र पण अंतरी कपटी, असे अर्थ दिलेले सापडतात. ‘मानभावीपणा’ हे त्याचेच भाववाचक नाम. वर्तमानपत्रांचे अग्रलेख, कादंबऱ्या, सभेतील भाषणे यांत तो शब्द आजही सर्रास येतो. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या शब्दाच्या मुळाशी एक जिवंत पंथ आहे याची जाणीवही नसते. अधिक खेदाची गोष्ट ही की, ती जाणीव पुष्कळ उपदेशी घरांतही उरलेली नाही. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ नामस्मरण होते, संतमहंतांना ‘दंडवत प्रणाम’ केला जातो, त्याच घरातील माणसे शेजाऱ्याच्या लबाडीला ‘मानभावीपणा’ म्हणून मोकळी होतात. हा केवळ भाषेचा प्रश्न असता तर तो व्याकरणकारांवर सोपविता आला असता. तसा तो नाही.

प्रथम शब्दाचे मूळ पाहावे. ज्याचा अनुभाव, म्हणजे प्रभाव किंवा तेज, महान आहे तो महानुभाव. बोलण्याच्या ओघात ‘महानुभाव’चा ‘म्हानुभाव’, त्याचा ‘मानुभाव’ आणि शेवटी ‘मानभाव’ झाला. यात निंदा काही नाही. जिभेची सोय आहे. काही लोक ‘मानाचा भाव ज्याच्या ठिकाणी आहे तो मानभाव’ अशी फोड करतात. ती ओढूनताणून केलेली आहे आणि पुढे आलेला वाईट अर्थ मागे नेऊन चिकटविण्याचा तो प्रकार आहे. पंथाच्या जुन्या ग्रंथांत ‘मार्ग’, ‘परमार्ग’ असे शब्द अधिक येतात. पंजाबात हाच पंथ ‘जयकृष्णी’ म्हणून ओळखला गेला, आणि तेथे त्या नावाला हा डाग लागला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

श्रीमद्भगवद्गीतेत ‘महानुभाव’ हा शब्द दुसऱ्या अध्यायाच्या पाचव्या श्लोकात आला आहे. भीष्म-द्रोणादी गुरुजनांना उद्देशून अर्जुन तो वापरतो आणि त्याच श्लोकात अशा थोरांना मारण्यापेक्षा भिक्षान्न खाऊन राहणे बरे, असे म्हणतो. महानुभाव आणि भिक्षा हे दोन शब्द एकाच श्लोकात यावेत हा योग पंथीयांना गोड वाटतो, आणि वाटावाही. परंतु तेथेच थांबून चालत नाही. अर्जुनाचे ते बोलणे वैराग्याचे असले तरी त्याच्या मुळाशी वैराग्य नव्हते. मोह होता, शोक होता. म्हणूनच भगवंतांनी त्याचे कौतुक केले नाही. तू शहाण्यासारखे बोलतोस आणि नको त्याचा शोक करतोस, असे त्यांनी त्याला स्पष्ट सुनावले. शब्द भिक्षेचा आणि भाव भलताच, ही फारकत भगवंतांनी आपल्या परमसख्याच्या ठिकाणीही चालू दिली नाही. ‘मानभावी’ या शब्दाचा विचार करताना हा प्रसंग डोळ्यांसमोर असावा.

आता लोकांच्या तोंडची म्हण घ्यावी. “करणी कसाबाची, बोलणी मानभावाची.” पिढ्यान्‌पिढ्या ही म्हण चालत आली आहे, शाळेतल्या मुलांना ती अर्थासह पाठ करावी लागते. ऐकताक्षणी पंथीयाच्या मनाला ती लागते. परंतु म्हणीचे शब्द नीट पाहिले म्हणजे निराळेच दिसते. कसाब हा हिंसेचा नमुना म्हणून घेतला आहे, तर मानभाव हा कशाचा नमुना म्हणून घेतला आहे? मृदू, अहिंसक, कोणाला न दुखविणाऱ्या वाणीचा. ज्याला जिवाची हिंसा करावयाची आहे तो मानभावाची वाणी उसनी आणतो, एवढेच म्हण सांगते. ज्याची बोलणी मानभावाची आणि करणी कसाबाची, तो मानभाव नव्हेच; तो मानभावाचे सोंग घेतलेला दुसराच कोणी आहे. खोटे नाणे पाडणारा बाजारात जे नाणे चालते त्याचीच नक्कल करतो. न चालणाऱ्या नाण्याची नक्कल करून त्याचा काय लाभ? ज्या काळी ही म्हण जन्मली त्या काळी खेड्यापाड्यांतील लोकांचा मानभावाच्या शब्दावर इतका विश्वास होता की लबाडाला तोच वेष सर्वांत सोयीचा वाटला. म्हण रचणाऱ्याने पंथाची निंदा करू पाहिली असेल किंवा नसेल. त्याच्या शब्दांनी मात्र साक्ष उलट दिली आहे. पुढे ‘मानभावासारखे बोलणारा’ यातला ‘सारखे’ गळून पडला, आणि नक्कल करणाऱ्याचे पाप अस्सलाच्या नावावर जमा झाले.

हे घडले कसे? शत्रुत्व हे एक कारण आहे, आणि ते खरे आहे. वेदप्रामाण्य, अनेक देवतांची उपासना, वर्णभेद यांविषयी सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी जे निरूपण केले ते प्रस्थापितांना रुचणारे नव्हते. स्त्रिया आणि शूद्र यांना संन्यासाचा अधिकार मिळाला. शास्त्र मराठीत सांगितले गेले. पुढे पंथाविषयी नाना कुत्सित कथा पसरल्या. काही संतांच्या नावावरील रचनांतही मानभावांवर टीका आढळते. इंग्रजी अमदानीत गॅझेटियरे आणि जातिवर्णनपर ग्रंथ तयार झाले. मध्य प्रांतातील जातिजमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ‘मानभाव’ या नावाने स्वतंत्र प्रकरण आहे. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतातच होता. अशा ग्रंथांनी माहिती गोळा केली ती पुष्कळदा पंथाबाहेरच्यांकडून. दृष्टांतपाठातील जात्यंधांचा हत्ती येथे सहज आठवतो. कोणाच्या हाती काळा वेष लागला, कोणाच्या हाती न उलगडणारी लिपी लागली, आणि ज्याने त्याने आपल्या हाती आलेल्या अवयवालाच हत्ती म्हटले.

परंतु शत्रुत्वावर सगळा भार टाकला की विचार संपतो, आणि तो इतक्या लवकर संपू देणे बरोबर नाही. दुसरे एक कारण आहे आणि ते पंथाच्या आचारधर्मातच दडलेले आहे.

दंभ म्हणजे काय? आत नाही ते बाहेर दाखविणे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची गणना सुरू होते ती दंभापासूनच. दर्प, अभिमान, क्रोध हे त्याच्या मागून येतात. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना पहिले अमानित्व आणि दुसरे अदंभित्व सांगितले आहे. मान नको आणि दंभ नको, ही दोन लक्षणे शेजारी शेजारी ठेवली आहेत, कारण दंभाची भूक मानाचीच असते. तिसऱ्या अध्यायात कर्मेंद्रिये आवरून धरणाऱ्या पण मनाने विषयांचे चिंतन करणाऱ्याला भगवंतांनी ‘मिथ्याचार’ म्हटले आहे. संन्याशाच्या बाबतीत याहून नेमका शब्द सापडणे कठीण.

आता सर्वज्ञांनी साधकासाठी घालून दिलेला आचार पाहावा. स्वदेशाचा संबंध सोडावा, स्वग्रामाचा सोडावा, नातलगांचा तर विशेषेकरून सोडावा. देशाच्या सीमेवर, झाडाखाली जन्म घालवावा. भिक्षा मागावी तीही जेथे ओळख नाही तेथे, आणि ओळख वाढून आदर होऊ लागला की पुढे निघावे. या सर्व आज्ञांचा रोख एकच आहे : आत जे आहे ते बाहेर दिसू देऊ नये. विरक्ती असेल, ज्ञान असेल, प्रेम असेल; ते लोकांच्या दृष्टीला पडून त्याची पूजा होऊ लागली की ते नासते. (झाडीमंडळाच्या टोकावरचे तुमसर हे ‘देशाची सीमा’ आणि ‘झाड’ या दोन्ही शब्दांना सहज लागू पडते, पण आज्ञेचा अर्थ भूगोलाचा नाही, हे सांगावयास नको.)

म्हणजे दांभिकाच्या ठिकाणी आत-बाहेर फरक असतो, आणि खऱ्या साधकाच्या ठिकाणीही फरक असतो. एकाच्या आत माती आणि बाहेर सोन्याचा मुलामा; दुसऱ्याच्या आत सोने आणि बाहेर मातीचा लेप. पहिला उणेपणा झाकतो, दुसरा थोरवी झाकतो. जगाला मात्र इतकेच कळते की, येथे काहीतरी झाकलेले आहे. आणि झाकलेले म्हणजे वाईटच असणार, हा जगाचा अंदाज! लोक स्वतः जे झाकतात त्यावरून दुसऱ्याने झाकलेल्याचा अंदाज बांधतात.

रिद्धपूरच्या श्रीगोविंदप्रभूंचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांची चर्या वेड्याची दिसे. खेळ, रुसवे, अचानक हसणे, कोणाच्याही घरी शिरणे. ज्यांची दृष्टी बाहेरच थांबली त्यांनी वेडा म्हटले; ज्यांना कळले त्यांनी परमेश्वर ओळखला; आणि रिद्धपूरच्या साध्यासुध्या बायामाणसांनी यापैकी कशाचीच चिकित्सा न करता त्यांना मायबाप मानले. तेथे झाकण होते, पण त्याखाली कपट नव्हते. ईश्वराने आपले ऐश्वर्य लपविले ते जिवांना जवळ येता यावे म्हणून. दांभिक मात्र आपले दारिद्र्य लपवितो ते जिवांना लुबाडता यावे म्हणून.

पंथाच्या ग्रंथांचेही असेच झाले. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत ग्रंथ लिहिले गेले. पवित्र वचने अनधिकाऱ्यांच्या हाती पडून त्यांची विटंबना होऊ नये, हा हेतू. तो हेतू शुद्ध होता, तथापि त्याचा परिणाम दुहेरी झाला. ग्रंथ टिकले, हा मोठा लाभ. परंतु सहा शतके महाराष्ट्राला त्या पोथ्यांत काय आहे ते कळले नाही, आणि जे कळत नाही त्याविषयी कुतर्क वाढत गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. त्यानंतर वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांसारख्या अभ्यासकांनी ग्रंथामागून ग्रंथ उजेडात आणला. पंथातील महंतांनीही आपल्या पोथ्यांची कवाडे त्यांच्यासाठी उघडली. पोथ्यांत निघाले काय? तेराव्या शतकातील मराठी गद्य, निर्मळ आणि बोलके. स्वामींच्या लीळा आणि अहिंसेचा, असंगाचा धर्म. कपटाचे चिन्ह कोठेच नव्हते.

म्हाइंभटांची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ते मूळचे गर्विष्ठ पंडित. वाद करून जिंकावे या ईर्षेने आले आणि सर्वज्ञांपुढे त्यांचा गर्व गळाला. त्याच म्हाइंभटांनी पुढे लीळाचरित्राचे काम हाती घेतले तेव्हा ज्याने जी लीळा पाहिली-ऐकली त्याच्यापाशी जाऊन ती विचारून घेतली. आपल्याला आवडेल तेवढेच ठेवावे आणि अडचणीचे गाळावे, असे केले नाही. पाठभेदही जपले गेले. दंभाला याहून विरुद्ध असे काय असू शकते? ‘मानभावी’ म्हणून ज्यांची संभावना झाली, त्यांच्या आद्य चरित्रकाराने आपल्या गुरूचे चरित्र लिहिताना अशी प्रामाणिक पद्धत पाळावी, हा त्या शब्दाचा सर्वांत सबळ प्रतिवाद आहे. याच एकांकात भंडाऱ्याचे नाव येते आणि निळभट्ट भांडारेकारांचेही. स्वामींच्या सन्निधानाची ओढ लागून घरदार मागे टाकणाऱ्या त्या पुरुषाचे गाव आज तुमसरच्या जिल्ह्याचे ठिकाण आहे.

शब्दांचा असा अधःपात केवळ याच पंथाच्या वाट्याला आला असे नाही. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ हा शब्द धर्मपंथ या साध्या अर्थाने आला आहे; सर्व पासंडांचा आदर करावा, असे तो राजा सांगतो. तोच ‘पाखंड’ होऊन पुढे ढोंगाचा वाचक झाला. त्याच सम्राटाची ‘देवानांप्रिय’ ही पदवी संस्कृत पंडितांनी ‘मूर्ख’ या अर्थाने रूढ केली. पश्चिमेकडे यहुद्यांतील ‘फरिसी’ नावाचा पंथ धर्मनियम काटेकोर पाळण्यासाठी प्रसिद्ध होता. ख्रिस्ती जगात ‘फरिसी’ म्हणजे दांभिक असाच अर्थ झाला. ‘जेसुइट’ या संन्यासी संघाच्या नावावरून इंग्रजीत कावेबाजपणाचे विशेषण निघाले. जेथे जेथे कोणी आचरणाची उंची सामान्यांहून अधिक ठरविली, तेथे तेथे लोकांची पारखी नजर त्याच्या पायाकडे गेली, आणि एकाचा पाय घसरला की नाव सर्वांचे बिघडले. भाषेचा हा न्याय कठोर आहे, आणि तो पूर्णतः अन्यायाचा आहे असेही म्हणता येत नाही.

कारण घसरलेले पाय नव्हतेच, असे कोणी म्हणू नये. वेष घेतला आणि वैराग्य घेतले नाही, असे लोक प्रत्येक शतकात झाले. जी गुप्तता साधकाला मानापासून वाचविण्यासाठी होती, ती काहींनी आपले दोष झाकण्यासाठी वापरली. भिक्षा अन्नापुरती न राहता धनापर्यंत पोहोचली. असंग सांगणारे मठ-मिळकतीच्या भांडणात कोर्टाची पायरी चढले. अनोळखी गावी जावयाचे ते जेथे हारतुरे मिळतील तेथेच जाऊ लागले. वासनिकांचाही यात वाटा आहे. निरूपण ऐकावयाचे, अहिंसेला मान डोलवावयाची, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात मापात मारावयाचे. हे करणाऱ्याने संन्याशाच्या वेषाकडे बोट दाखवू नये. म्हणीतला ‘कसाब’ सुरी घेऊनच येतो असे नाही. तो तराजू घेऊनही येतो.

या शब्दाचे काय करावे, याविषयी पंथात दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, शब्दकोशांतून आणि पाठ्यपुस्तकांतून तो काढून टाकावा; तशी मागणी करणे हा हक्क आहे. दुसरे म्हणते, निंदा सोसणे हे साधकाचे भूषण आहे, गप्प बसावे. दोन्ही मतांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तिच्या प्राचीनत्वाची साक्ष देताना लीळाचरित्राचे नाव मानाने घेतले जाते. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. ज्या भाषेने या पंथाच्या ग्रंथावर आपला मोठेपणा उभा केला, तिने त्याच पंथाचे नाव शिवी म्हणून वापरावे, हे विसंगत आहे, आणि ते शांतपणे, पुराव्यासह, लेखकांना व शिक्षकांना सांगितलेच पाहिजे. निंदा सोसण्याची आज्ञा साधकाच्या स्वतःच्या निंदेपुरती आहे. स्वामींच्या मार्गाविषयीचे अज्ञान तसेच राहू द्यावे, असा तिचा अर्थ करणे हा आळस होय. तथापि कोश बदलून शब्द बदलत नाही. कोशकार लोकांच्या तोंडचे लिहितो, आणि लोक डोळ्यांना दिसते ते बोलतात.

तुमसरच्या बाजारात धानाची पारख करणारा जाणता माणूस पोत्यावरचा शिक्का वाचून भाव ठरवीत नाही. मूठभर धान घेतो, तळहातावर चोळतो, फुंकर मारतो. फोल उडून जाते आणि तांदूळ हातात राहतो. फोलही वरून धानासारखेच दिसते. त्याचा रंग तोच, आकार तोच. चोळल्याखेरीज फरक कळत नाही. साधकाला चोळणारे हात पुष्कळ आहेत : अपमान, उपवास, परका गाव, आणि सर्वांत खरखरीत हात म्हणजे स्तुती. अपमानाने जे फोल उडत नाही ते स्तुतीने उडते. म्हणून तर ओळख वाढली की पुढे निघावे, ही आज्ञा आहे.

राहता राहिला घरातला प्रश्न, आणि तो लहान नाही. शाळेतून आलेले मूल म्हणींचे पुस्तक उघडून विचारते की, मानभाव म्हणजे आपणच ना? मग आपण वाईट आहोत का? त्या मुलाला गप्प करू नये, आणि म्हण रचणाऱ्याविषयी त्याच्या मनात द्वेषही पेरू नये. त्याला म्हणीतले दोन तुकडे वेगळे करून दाखवावे. करणी कोणाची, बोलणी कोणाची, आणि गोड बोलणे उसने आणावयाचे झाले तर लबाडालाही कोणाच्या दारी जावे लागले, हे ते मूल आपणच शोधून काढील. आणि ज्या दिवशी ते विचारील की, मग शेजारच्या लबाड माणसाला म्हणावे तरी काय, त्या दिवशी त्याला सांगावे की, मराठीत त्यासाठी शब्दांची वाण नाही : दांभिक आहे, ढोंगी आहे, भोंदू आहे, बगळाभगत आहे, शास्त्राचा हवा असेल तर मिथ्याचार आहे. यांतला प्रत्येक शब्द दोषाचे नाव घेतो, कोणाच्या कुळाचे किंवा पंथाचे घेत नाही. मात्र यांतला कोणताही शब्द शेजाऱ्याला लावण्यापूर्वी, तो माणूस खरोखर आपली उणीव झाकीत आहे की केवळ आपले दुःख, एवढे पाहून घ्यावे. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात.